पेटी आमची, किल्ली दुसऱ्याची

शेतकरी व कारागीर बंधूंनो, निवडणूक आली कीं आपण डवरा-वखर सोडून मत द्यावयास जातों, बोटाला शाई लावून घरीं येतों आणि आपलें काम संपलें असें समजतों. खरी गोम तेथून पुढें सुरू होते! बिल कोणी मांडावें, कोणत्या दिवशीं मांडावें, तें कोणाच्या परवानगीनें पुढें सरकावें, मतें केव्हां मोजावीं आणि केव्हां नुसत्या होय-नाहींच्या गलक्यावर भागवावें, याचे जे नियम असतात त्यांतच मतदाराचा गळा कापला जातो, आणि कापला गेला हें त्याला कळतही नाहीं. कोणी म्हणेल, हे नियम वकिलांचे विषय आहेत, कुणब्याला, सुताराला, तेल्याला त्याचें काय? त्याला आमच्या वऱ्हाडाचीच गोष्ट सांगतों.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला. पुढें १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें वर्षाला २५ लाख रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्यानें घेतला. म्हणजे शेत जसें मक्त्यानें देतात तसा आमचा प्रांतच मक्त्यानें दिला! मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची, आणि सारा भरणारे आमचे आजे-पणजे. त्यांस मात्र कोणी विचारलें नाहीं. या मक्त्याचा परिणाम असा झाला कीं, कायद्याच्या भाषेंत अमरावती-अकोला हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे, परमुलूख ठरला.

आतां गंमत पाहा. १९१९ च्या सुधारणा आल्या, नागपूरच्या कौन्सिलसाठीं निवडणुका झाल्या, आणि वऱ्हाडांतूनही माणसें निवडून गेलीं. पण परमुलखाचा माणूस नुसत्या मतांनीं सभासद कसा होणार? म्हणून निवडून आलेल्या माणसाला गव्हर्नरानें पुन्हां ‘नेमावयाचें’, तेव्हां तो सभासद! एवढ्यावरही भागलें नाहीं. त्या कौन्सिलानें केलेला कायदा वऱ्हाडाला आपोआप लागत नसे. सरकारनें परमुलखाच्या अधिकारानें निराळें जाहीरपत्रक काढून तो लागू करावा, तेव्हां तो आमच्या पांदणीपर्यंत पोंचावयाचा.

आणि तो कायदा मुळांत व्हावयाचा कसा? कांहीं विषयांना तर हात लावण्यापूर्वीं गव्हर्नर-जनरलची मंजुरी हवी. मग बिल मांडण्याची परवानगी सभागृहाकडे मागावयाची, मग तें सरकारी गॅझेटांत छापावयाचें, मग निवडक कमिटीकडे पाठवावयाचें किंवा लोकमतासाठीं फिरवावयाचें, मग कलमवार चर्चा, मग शेवटचें मत. तें पार पडलें तरी गव्हर्नरची संमति, तीवर गव्हर्नर-जनरलची संमति, आणि तेवढ्यानेंही समाधान न झाल्यास विलायतेंतून नामंजुरी आहेच! बिनसरकारी सभासदाच्या बिलाला दिवस कोणते द्यावयाचे तें गव्हर्नर ठरवी, आणि त्या दिवशीं कोणाचें बिल आधीं घ्यावयाचें तें सोडतीच्या चिठ्ठ्यांवर ठरे. उलट राखीव खात्यांचें बिल कौन्सिलानें फेटाळलें, तर गव्हर्नर एक दाखला जोडून तेंच बिल कायदा करूं शके. कौन्सिलानें होय म्हटलें तरी वरच्याला नाहीं म्हणतां येई, आणि कौन्सिलानें नाहीं म्हटलें तरी त्याला होय म्हणतां येई. मी मास्तर माणूस. या हिशेबांत मतदाराच्या पदरीं बाकी काय उरते हें चौथीच्या पोरालाही काढतां येईल.

भाषेचा नियम तर याहून भारी. कौन्सिलचें काम इंग्रजींत. ज्याला इंग्रजी नीट येत नाहीं त्यानें देशी भाषेंत बोलावें, अशी सवलत होती खरी. पण बिल इंग्रजी, दुरुस्त्या इंग्रजी, नियमांचें पुस्तक इंग्रजी. आपल्यापैकीं कोणी जाऊन बसलाच, तर शेजारच्या वकिलाच्या तोंडाकडे पाहावें आणि तो हात वर करील तेव्हां आपला करावा!

या नियमांचा उलटा उपयोगही झाला. १९२४ सालीं स्वराज्य पक्षाच्या बहुमतानें याच कौन्सिलांत मंत्र्यांचा पगार सालीना २ रुपयांवर आणला. सरकारचें नाक कापलें हें खरें, आणि तें कापण्याजोगेंच होतें. पण मंत्री राहिले नाहींत, तेव्हां शिक्षण, शेती, आरोग्य हीं सोंपीव खातींही गव्हर्नरच्याच हातीं गेलीं. ज्या वकिलांनीं हा पेंच टाकला त्यांच्या मुलांना फी देऊन शिकतां येत होतें. ज्याच्या पोराला गांवच्या सरकारी शाळेखेरीज दुसरी शाळाच नव्हती, त्याला या पेंचाची किंमत कोणी विचारली? याच कौन्सिलांत डॉ. पंजाबराव देशमुख १९३० सालीं निवडून गेले व मंत्री झाले, आणि याच कौन्सिलानें १९३३ सालीं कर्ज-समेटाचा कायदा केला. सावकार आणि कुळ यांना मंडळापुढें समोरासमोर बसविणारा असा कायदा या देशांत पहिलाच. कापसाचे भाव बसले असतां तो झाला, हें विसरूं नये. नियम तेच होते. ते पाठ करून कामाला लावणारा माणूस आंत होता, एवढाच फरक.

१९३७ पासून मध्यप्रांत व वऱ्हाड एकाच गव्हर्नरचा प्रांत म्हणून चालूं लागला, तरी कायद्यांची सारवासारव करण्यास १९४१ सालीं दिल्लीला वऱ्हाडासाठीं खास कायदा करावा लागला. आणि त्या कागदांवर निजाम ‘हैदराबाद व वऱ्हाड’चाच निजाम राहिला!

तें राज्य गेलें. आतां गव्हर्नरचा दाखला नाहीं, विलायतेची नामंजुरी नाहीं. पण २० सप्टेंबर २०२० रोजीं राज्यसभेंत काय झालें? शेतमालाच्या व्यापाराच्या तीन बिलांपैकीं दोन त्या दिवशीं आवाजी मतानें पास झालीं. तीं निवडक समितीकडे पाठवा, ही सूचना तशीच उडाली. विरोधकांनीं मतविभागणी मागितली; मागणारे आपल्या जागेवर नव्हते असें सांगून पीठानें ती दिली नाहीं. सभागृहांत गोंधळ झाला हें मान्य. पण ज्या बिलावर शेतकऱ्याची बाजारपेठ अवलंबून, त्यावर कोण होय म्हणाला व कोण नाहीं, हें नांवानिशीं शेतकऱ्याला कधींच कळणार नाहीं. मग शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं तेच कायदे दोन्ही सभागृहांनीं एका दिवसांत, चर्चेवांचून, मागें घेतले. करतांना मतें मोजलीं नाहींत, मोडतांना तोंड उघडूं दिलें नाहीं! कायदे चांगले कीं वाईट हा वाद निराळा. माझी तक्रार ज्या वाटेनें ते आले आणि गेले त्या वाटेबद्दल आहे.

आपल्या विधानसभेचें काम आतां मराठींत चालतें, बिलेंही मराठींत छापतात; म्हणजे ‘आम्हांला कळत नाहीं’ ही जुनी सबब संपली. तेव्हां येत्या नागपूर अधिवेशनाहून आमदार परत आले कीं ग्रामसभेंत त्यांना बोलवावें आणि तीन प्रश्न विचारावे. शेतीच्या बिलाची प्रत तुमच्या हातीं मतापूर्वीं किती दिवस आधीं पडली? तें समितीकडे पाठवा असें तुम्ही म्हणालां काय? आणि मतविभागणी मागितली काय? उत्तरें लेखी घेऊन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावीं.