गायक विमाकचेरीत, गाणे शिखरावर

लंडननजीकच्या सेंट अल्बन्स गावी शाळकरी वयातील मित्रांनी उभारलेल्या ‘झोम्बीज’ वाद्यवृंदाचे नशीब विलक्षणच म्हटले पाहिजे. १९६४ साली ‘शीज नॉट देअर’ या पहिल्याच तबकडीने त्यांना अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर नेले. पुढे मायदेशाने मात्र पाठ फिरविली. १९६७ मध्ये बीटल्सच्या पाठोपाठ अ‍ॅबी रोडच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी ‘ओडेसी अँड ओरॅकल’ सिद्ध केली. (वेष्टनावर नावाचे स्पेलिंगही चुकले!) १९६८ मध्ये ती विक्रीस येण्यापूर्वीच मंडळी पांगली होती, गायक कॉलिन ब्लनस्टोन विमाकचेरीत नोकरीस लागला. आणि १९६९ मध्ये तिच्यातीलच ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर चढले!

खरे कलावंत एकत्र येईनात, तेव्हा त्यांच्या नावाने तोतये अमेरिकाभर हिंडू लागले. पेशवाईतील तोतयाचे भाऊसाहेबांशी निदान साम्य होते म्हणतात. येथे तेवढीही गरज भासली नाही. दोष त्या पोटार्थी पोरांना देण्यापेक्षा, कलावंतांवाचून कलेचे नाव विकणाऱ्या दलालांना द्यावा हेच न्याय्य. अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चा मान मूळ संचास लाभला तो २०१९ मध्ये. गिटारवादक पॉल अ‍ॅटकिन्सन २००४ मध्येच निवर्तला होता.