गाडी ओढत नाही? आधी निदान!

मंडळी, गाडी ओढत नाही म्हटलं की गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि लगेच 'सेन्सर बदला' म्हणतो. माझं डोकं इथेच फिरतं! पी०१७१ हा कोड एवढंच सांगतो की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. कारण फाटका व्हॅक्यूम पाइप असेल, नाहीतर दमलेला फ्युएल पंप. ते शोधायला कष्ट पडतात. पार्ट बदलायला फक्त आपला खिसा.

इंजिन ओरडतंय, वेग वाढत नाही? आधी क्लच बघा. ब्रेक न मारताही एकच चाक तापतंय? ब्रेक चिकटत असणार. एअर फिल्टर तर घरीच उघडून बघता येतो.

घाटात ओव्हरटेक करताना गाडी दमली तर जीवावर बेततं. म्हणून मी आता जुना पार्ट आणि बिघाडाचं कारण, दोन्ही मागतो. तुम्हीही मागा!