राजवाड्याभोवतीचा बाजार

मोठ्या शहरांच्या आठवणी निघाल्या की त्यांत एखादे मोठे दुकान हमखास डोकावते. मुंबईकरांच्या जुन्या पिढीला हॉर्नबी रोडवरचे व्हाइटअवे लेडलॉ आठवत असे. त्यानंतरच्यांना फोर्टातले अकबरअलीज. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानाची कीर्ती तर जगभर झाली. आरिस्तीद बूसिको या गृहस्थाने १८५२ पासून तेथे जी घडी बसवली, तिचे अनुकरण पुढे देशोदेशी झाले. एका छपराखाली नाना प्रकारचा माल, प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत आणि काही न घेता नुसते हिंडून बाहेर पडण्याची मुभा, अशी ती घडी. एमिल झोलाने १८८३ मध्ये अशाच एका दुकानावर एक अख्खी कादंबरी लिहिली.

इंदूरच्या मराठी माणसाला असे एका पाटीचे नाव चटकन सुचत नाही. तरीही खरेदीचा विषय निघाला की त्याचा चेहरा उजळतो आणि तो एकच शब्द उच्चारतो : राजवाडा. 'राजवाड्यावर जाऊन येतो' याचा अर्थ होळकरांचा वाडा पाहून येतो असा आमच्याकडे कधी झालाच नाही. बाजार करून येतो, असाच झाला. आमचे सर्ववस्तुभांडार त्या सातमजली वाड्याभोवती पसरलेले होते. त्याला छप्पर आकाशाचे होते, दालनांच्या जागी गल्ल्या होत्या आणि मालक एक नसून शेकडो होते.

दालनांची वाटणी मात्र कोणत्याही विलायती दुकानाला लाजवील इतकी चोख. सोन्याचांदीसाठी सराफा आणि भांड्यांसाठी बर्तन बाजार. लुगडी, पातळे, परकर-पोलक्यांची कापडे घ्यावयाची तर सीतलामाता बाजार आणि बजाजखाना. ठोक कापडासाठी महाराजा तुकोजीरावांच्या नावाचे क्लॉथ मार्केट. शाळा उघडण्याच्या सुमारास वह्या-पुस्तकांसाठी खजुरी बाजारात मुलांचे तांडे उतरत. मसाले, सुपारी, सुकामेवा यांसाठी मारोठिया बाजार, भाजीसाठी नंदलालपुरा. बजाज म्हणजे कापडवाला, सराफ म्हणजे सोन्याचांदीचा व्यापारी. तेव्हा गल्लीचे नाव हीच तिच्यावरची पाटी होती. नव्या सुनेलासुद्धा पत्ता समजावून सांगावा लागत नसे. काय हवे ते ठाऊक असले म्हणजे कोठे जावयाचे ते आपोआप कळे.

एका धंद्याची सगळी दुकाने एकाच गल्लीत असणे हे वरकरणी दुकानदाराच्या तोट्याचे वाटते. प्रत्यक्षात ते दोघांच्याही सोयीचे असते. गिऱ्हाइकाला दहा पावलांत दहा भाव कळतात, म्हणून कोणी फार वाढवून सांगू धजत नाही. आणि ज्याच्याकडे हवा तो रंग नाही, तो शेजाऱ्याकडे पोऱ्या धाडून थान मागवतो, कारण उद्या शेजाऱ्यालाही त्याची गरज पडणार असते. मोठ्या दुकानात भावाची चिठ्ठी प्रामाणिकपणाची हमी देते. आमच्या बाजारात ती हमी शेजारचे दुकान देत असे.

हा बाजार एका दिवसात भरला नाही. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि राजधानीमागोमाग कारकून, कारभारी, शास्त्री, शिक्षक, वैद्य अशी मराठी घरे येथे स्थिरावली. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत, १८६६ मध्ये, सरकारी कापडगिरणीची सुरुवात झाली. पुढच्या दशकात खंडव्याहून आगगाडी आली आणि मुंबईचा माल सुलभतेने येऊ लागला. विसाव्या शतकात माळवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशा गिरण्यांची धुराडी उभी राहिली. गिरणीचा पगार झाला की बाजारात पाऊल ठेवावयास जागा उरत नसे.

दुकानदार बहुतांशी मराठी नव्हते, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. कोणी मारवाडी, कोणी गुजराती, कोणी बोहरी. १९४७ नंतर सिंधी बांधवही आले आणि शून्यातून दुकाने थाटून बसले. परंतु समोर बसणारे गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर मराठी होते, म्हणून गादीवरचा शेठ मराठी बोले. ती मराठी पुणेरी नव्हती. तिच्यात माळवीचा गोडवा होता, हिंदीची क्रियापदे होती, लिंगांची थोडी सरमिसळ होती. पण 'या काकू, बसा. नऊवारी दाखवू की सहावारी?' हे वाक्य ती बिनचूक उच्चारी. इरकली कोणती, खणाची घडी कशी, मुंडावळ्या कशाला म्हणतात, सवाष्णीला कोणता रंग द्यावयाचा नाही, हे त्या शेठला त्याच्या गिऱ्हाइकांनीच शिकवले होते. मारवाडी पित्याकडून हे ज्ञान वारसाहक्काने मुलाकडे जाई.

या विद्येची खरी परीक्षा लग्नाच्या बस्त्याच्या वेळी होई. बस्ता बांधावयास घरातली पाच-सहा माणसे एकदम निघत. जोडे बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बैठक बसे, लोडांना पाठी टेकल्या जात, पाण्याचे पेले फिरत. मग याद्या निघत : नवरीचा शालू, विहिणीचे लुगडे, मामीचे पातळ, करवलीचे परकर-पोलके, आणि ऐन वेळी आठवलेली एखादी दूरची आत्या. शेठ यादी ऐकून घेई आणि 'मावशींना एवढं भारी नको, वन्संना राग येईल' असा सल्लाही देई. घरातील माणसांचे मानपान त्याला पाठ असत. घासाघीस होई, उठून जाण्याची नाटके होत, जिन्यावरून परत बोलावणी येत. शेवटी शेठ वर एक खण ठेवी आणि म्हणे, 'हा माझ्याकडून मुलीला.' त्या खणाची किंमत त्याने आधीच कोठेतरी लावलेली असे, हे घरच्या बायकांना पक्के ठाऊक असे. तरीही तो खण मुलगी जपून ठेवी.

उधारीचे नाते याच जातीचे. पोराच्या हाती चिठ्ठी आणि पिशवी देऊन किराणा मागवावा, पैसे महिनाअखेर द्यावेत. लाल कापडाच्या वहीत खाते असे. घरात आजारपण आले, पगार लांबला, तरी वाण्याने माल थांबवला नाही, असे अनुभव जुन्या घरांतून आजही ऐकू येतात. दिवाळीत चोपडापूजन झाले की नवी वही उघडे आणि पेढ्यांचा पुडा खातेदाराकडे येई. हा व्यवहार भाबडा नव्हता. शेठला व्याजाचे गणित चांगले येत होते. पण वहीत नाव असणे म्हणजे त्या शहरात आपली पत असणे, हेही तितकेच खरे.

दिवसभराच्या या खटाटोपाचा शेवट गोड आणि तिखट असा दोन्ही होई. रात्री सराफ्यातील पेढ्यांच्या फळ्या लागल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर कढया तापत. थंडीतले गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडे, खोपऱ्याचे पॅटिस, ताटलीएवढा जलेबा. रात्रभर वर्दळ राहिली तर तिजोऱ्यांची राखण आपोआप होईल, म्हणून सराफांनीच हे खाद्यवाले बसू दिले, असे सांगतात. त्यातला 'कीस' आमच्या कानांना सरळ घरच्या किसणीवरून उतरलेला वाटतो. आणि साबुदाण्याची खिचडी! आमच्या उपवासाच्या या सात्त्विक पदार्थावर इंदूरने शेव आणि मसाला भुरभुरला आणि एकादशीला न विचारताच तिला रस्त्यावर आणले. भाषा आणि जिन्नस दोन्ही बाजारात उतरले की असेच नवे अंगडे-टोपडे घालून हिंडू लागतात. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

काळ मात्र थांबला नाही. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला. कचेरीची भाषा बदलली. १९८४ च्या दंगलीच्या आगीत राजवाड्याचा मोठा भाग जळाला. दर्शनी दरवाजा उभा राहिला, मागचा भाग पुढे पुन्हा बांधून काढला गेला. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी हुकुमचंद मिल बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या रकमेचा निकाल लागावयास २०२३ साल उजाडावे लागले. मराठी घरे रामबाग-नारायणबागेतून टिळकनगर, सुदामानगर आणि त्याहून लांबच्या वसाहतींत गेली. मुले पुणे, बंगळूर आणि परदेशी. २००० नंतर महात्मा गांधी मार्गावर आणि शहराच्या नव्या भागांत मॉल उभे राहिले, आणि आता तर दुकानच टेलिफोनच्या काचेतून घरात येते. राजवाड्यावर गाडी लावावयास जागा मिळत नाही, ही तक्रारही खोटी नाही. जुन्या बाजाराची गर्दी, ऊन, खांदे घासून चालणे, घासाघिशीत गेलेला अर्धा दिवस, हे सर्व ज्यांनी सोसले त्यांना मॉलमधली थंडगार हवा आणि छापील किंमत बरी वाटली, तर त्यांना बोल लावता येणार नाही.

पण या बदलात एक गोष्ट हळूहळू घडते आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हा लेखप्रपंच. बाजाराचा नियम साधा आहे : जे मागितले जाते तेच फळीवर राहते. नऊवारीची विचारणा वर्षात दोनदाच होऊ लागली की शेठ ती मागवणे बंद करतो. गुढीपाडव्याच्या गाठ्या, संक्रांतीच्या हलव्याचे दागिने, गौरीचे मुखवटे, मुंडावळ्या यांचा खप उतरला की त्यांचा कोपरा दुसऱ्या मालाला जातो. भाषेचेही तंतोतंत असेच आहे. गादीवरच्या शेठने मराठी कोणाच्या उपकाराखातर उचलली नव्हती. तिला गिऱ्हाईक होते म्हणून उचलली होती. समोरून मराठी येईनाशी झाली की ती त्याच्या जिभेवरूनही उतरते, आणि त्याच्या मुलाच्या जिभेवर तर चढतच नाही. घरात, सभेत आणि शरदोत्सवात मराठी बोलली जाते, तेव्हा ती आपसांत बोलली जाते. बाजारात बोलली जाते तेव्हा ती शहराची भाषा असते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाला हा फरक समजणे फार अगत्याचे आहे, कारण जी भाषा केवळ घरात उरते ती पुढे केवळ आजीपाशी उरते.

मागणीने गेलेली गोष्ट मागणीनेच परतही येते, याचे उदाहरण आमच्या शेजारीच आहे. अहल्याबाईंच्या आश्रयाने महेश्वरास फुललेली हातमागाची कला विसाव्या शतकात पार खालावली होती. १९७८ मध्ये रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी स्थापून विणकर स्त्रियांना काम दिले, मालाला गिऱ्हाईक मिळवून दिले. आज महेश्वरी साडी देशभर मानाने मिरवते आहे. तेथे कोणी विणकरांपुढे परंपरेवर व्याख्यान दिल्याने माग हलले नाहीत. साडी घेणारे कोणी आले, तेव्हा माग हलले.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. या वर्षीच्या पाडव्याला किंवा गौरी-गणपतीला घरातल्या मुलांना घेऊन एकदा राजवाड्यावर जावे. सर्व खरेदी तेथेच करण्याचा हट्ट नको. एक खण, एक तांब्या, गाठ्यांची एक माळ पुरे. मात्र भाव मराठीत विचारावा, आणि तोही मुलाला विचारू द्यावा. समोरचा तरुण दुकानदार कदाचित हिंदीतच उत्तर देईल. पण आत तक्क्याला टेकून बसलेले त्याचे वडील किंवा आजोबा मान वर करण्याचा संभव पुष्कळ आहे. ते हिशेबाची वही बाजूला सारतील, चष्मा नीट करतील आणि आपल्या त्या माळवी-मिश्रित मराठीत विचारतील, 'कोणाकडचे तुम्ही?' त्या प्रश्नाला आपल्या मुलाला स्वतः उत्तर देता यावे, एवढी तयारी घरून करून न्यावी. गाडी कोठे लावावयाची, ते पुढचे पुढे पाहता येईल.