मटक्यातील ‘हमखास’ पद्धतींचे गणित

मटक्याचे मागील सहा महिन्यांचे तक्ते समोर पसरून, त्यांवर लाल-निळ्या पेन्सिलीने तिरप्या रेघा ओढीत बसणारा माणूस स्वतःस जुगारी समजत नाही. जुगारी तो दुसरा, जो स्वप्नात दिसलेल्या सापावरून आकडा लावतो. हा अभ्यास करतो, नोंदी ठेवतो, भांडवलाचे हप्ते पाडतो. शिकलेला मध्यमवर्गीय आकड्याच्या नादी लागतो तो बहुधा या वाटेने. अंधश्रद्धेला तो हसतो. पण पद्धतीच्या नावाने तीच श्रद्धा पुढे आली की तिला ‘शास्त्र’ म्हणून पाट मांडतो.

या खेळाचा जन्म कापसाच्या बाजारात झाला. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचे उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईस येत आणि त्यांच्या अखेरच्या आकड्यांवर पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेथलेच. 1961 च्या सुमारास हा आधार तुटला. तेव्हा 1962 साली कल्याणजी भगत यांनी आणि 1964 साली रतन खत्री यांनी स्वतंत्र आकडे काढण्याची प्रथा सुरू केली. मडक्यातील चिठ्ठ्यांची जागा पुढे पत्त्यांनी घेतली, नाव मात्र मटका हेच राहिले. तीन पत्ते काढावयाचे, त्यांच्या बेरजेतील एकं स्थानचा अंक तो ओपन. तसाच दुसऱ्या वेळी क्लोज. दोन्ही मिळून जोडी. गिरणगावाच्या वस्तीत हा व्यवहार फोफावला, कारण तेथे रोख मजुरी होती आणि चार आण्यांचाही आकडा घेणारा माणूस कोपऱ्यावर उभा होता.

आता दर पाहावेत. एका अंकावर लावलेल्या रुपयास साधारणतः नऊ रुपये आणि जोडीवर नव्वद मिळतात. अंक दहा आहेत, जोड्या शंभर. दहाही अंकांवर एकेक रुपया लावणारास दहा देऊन नऊ परत मिळतील, हे तिसरीतल्या मुलासही समजेल. पाच अंक निवडले तरी तेच: पन्नास रुपये लावावे, निम्म्या वेळा नव्वद मिळावे, म्हणजे सरासरी पंचेचाळीस. डाव कसाही रचा, आकडा पूर्ण सचोटीने निघाला तरीही, लावलेल्या प्रत्येक रुपयामागे दहा पैसे बुकीकडे जातात. तीन पत्त्यांच्या पान्यात तर याहून अधिक. तीन भिन्न अंकांच्या पान्यास 140 पट आणि एकसारख्या तीन अंकांच्या पान्यास 600 पट हा सामान्यतः सांगितला जाणारा दर. तो ठिकाणागणिक थोडा कमी-अधिक असतो. तिन्ही अंक परस्परांपासून स्वतंत्र मानले तर पहिल्याची शक्यता हजारात सहा आणि दुसऱ्याची हजारात एक. म्हणजे पहिल्यात रुपयामागे सोळा पैसे जातात, दुसऱ्यात चाळीस. बक्षीस जितके डोळे दिपविणारे, कापणी तितकी खोल.

तक्त्यांचे शास्त्र एवढ्याने डगमगत नाही. त्याचा आधार असा की, जो अंक बरेच दिवस आलेला नाही तो आता ‘येणारच’. परंतु पत्त्यांना स्मरण नसते. आठ हा अंक एकोणतीस दिवस आला नाही, म्हणून तिसाव्या दिवशी त्याची शक्यता दहात एक हून तसूभरही वाढत नाही. अशा दीर्घ गैरहजेऱ्या विलक्षणही नव्हेत. एखादा ठरावीक अंक सलग तीस वेळा न येण्याची शक्यता शेकडा चार आहे. दहा अंकांच्या तीनशे दिवसांच्या तक्त्यात अशा दहा-अकरा जागा सहज निघाव्यात. नेमक्या त्याच जागांभोवती अभ्यासकाची पेन्सिल फिरते. पुरेसा मोठा तक्ता हाती असेल तर त्यात हवी ती आकृती सापडते. ती मागचे सांगते, पुढचे नाही.

खरी घातक पद्धत निराळी. तिच्यात भाकीत नाही, केवळ हिशेब आहे, आणि म्हणूनच ती सुशिक्षितास भुलविते. एकच अंक धरावा, तो येईपर्यंत सोडू नये आणि रक्कम अशी वाढवीत जावी की ज्या दिवशी येईल त्या दिवशी मागचे सारे नुकसान भरून वर ठरावीक नफा राहील. समजा एका कारकुनाने दहा रुपयांनी आरंभ केला. पहिल्याच दिवशी अंक लागला तर नव्वद मिळतील, म्हणजे नफा ऐंशी. तो ऐंशीचा नफा कायम ठेवण्यासाठी रोजची रक्कम आदल्या दिवसापेक्षा एक अष्टमांशाने वाढवावी लागते. ही वाढ किती सौम्य वाटते! बाविसाव्या दिवशीदेखील लावावयाचे असतात अवघे 119 रुपये. परंतु तोपर्यंतची एकूण रक्कम 988 रुपयांवर गेलेली असते, आणि बावीस दिवसांत अंक न येण्याची शक्यता दहात जवळजवळ एक आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. असे दहा फेरे केले तर नवांत मिळून 720 रुपये येतात आणि दहाव्यात 988 जातात. एक फेरा सरासरी नऊ दिवसांत संपतो. म्हणजे तो दहावा फेरा साधारण तीन महिन्यांत एकदा गाठतो. तोवर माणसाने आठ-नऊ वेळा जिंकलेले असते, कचेरीतील दोघा-तिघांना पद्धत शिकवलेली असते. मग तो बाविसाव्या दिवशी थांबत नाही. चव्वेचाळिसाव्या दिवशी लावावयाची रक्कम सुमारे 1,580 रुपये होते आणि एकूण गेलेली 14,170. ही पाळी शंभरात एकावर येते. येथे पगार संपतो, भविष्यनिर्वाह निधीचे कर्ज सुरू होते, आणि ते कशासाठी, तर ऐंशी रुपयांच्या नफ्यासाठी! पद्धतीने तोटा नाहीसा केला नाही. तो नजरेआड नेऊन एके ठिकाणी साठवून ठेवला.

आकडा ‘सांगणाऱ्यां’चा धंदा त्या मानाने निर्धोक. हजार गिऱ्हाइकांस शंभर-शंभरांच्या गटात दहा वेगवेगळे अंक कळवावेत. शंभरांचा अंक बरोबर येतो. त्या शंभरांत पुन्हा दहा गट पाडले की दहा माणसांना लागोपाठ दोनदा अचूक आकडा मिळालेला असतो. हे दहाजण त्या गुरूसाठी शपथ घेतील, आणि ती खोटीही नसेल.

तरीही लोक खेळतात ते केवळ मूर्ख म्हणून, असे म्हणणे उथळपणाचे होईल. हातावर पोट असलेल्यास रोजचे दहा रुपये वाचवून काही साधत नाही. त्यास एकरकमी पैसा हवा असतो: मुलीच्या लग्नाला, खोलीच्या पागडीला. जोडीवरील नव्वद पट ही त्या गरजेस दिलेली हाक आहे. 1982 च्या गिरणी संपानंतर ज्यांची मजुरीच बुडाली त्यांची ही गरज काही संपाबरोबर संपली नाही. पण त्याच गिरणगावात भिशीही होती. दहाजण दरमहा शंभर टाकतात, एकास हजार मिळतात. पाळी सर्वांची येते, आणि वाटेत कोणी दहावा हिस्सा कापून घेत नाही. एकरकमी पैशाची तीच गरज येथे बिनखर्चात भागते. मात्र भिशीत वाट पाहावी लागते.

सरकारची भूमिका या बाबतीत कधीच सरळ नव्हती. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात जुगार हा घटनेच्या अर्थाने व्यापारच नव्हे असे म्हटले. 1969 साली महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी काढली. 1998 च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एका अंकावर बक्षीस देण्यास आणि एका लॉटरीची आठवड्यातून एकाहून अधिक सोडत काढण्यास मनाई केली. तेव्हा वाराप्रमाणे निराळ्या नावाची लॉटरी काढून सोडत रोजचीच राहिली. सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे. 140 रुपयांच्या तिकिटातील 40 रुपये बक्षिसाचा विचार होण्यापूर्वीच निघून जातात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, निषिद्ध ठरविणारा कायदा संमत केला. मटका तर 1887 च्या जुगारविरोधी कायद्याखालीच गुन्हा होता, आणि तो कायदा पंच्याहत्तर वर्षे अमलात असताना वरळीत पहिली सोडत निघाली.