विषयांतराला मुभा आहे

‘गप्पांत वेळ दवडू नये’ हे सुवचन आपल्याकडच्या शाळांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. ते रंगवणारा पेंटर मात्र शिडीवरून शाळेच्या शिपायाशी गप्पा मारता मारताच ते रंगवत असतो, आणि सुवचन वेळेवर पुरेही होते. मराठी माणूस गप्पांची निंदा करतो ती अशी, गप्पांच्या ओघातच!

लेखकांवर हा आक्षेप जरा अधिकच कडक होऊन येतो. लेखकाने घरी बसून लिहावे, आणि चार लेखक एकत्र जमलेच तर त्यांनी साहित्यावर बोलावे. पाणी, पाऊस आणि जावई हे विषय इतरांसाठी सोडावेत, असे पुष्कळांना वाटते. आमच्या गावच्या लेखक मंडळातही यंदा हा प्रश्न आला आणि चांगला तीन महिने गाजला.

मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. त्याला घटना नाही, इमारत नाही. अध्यक्ष आहेत ते वयाने मोठे म्हणून. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मोफत वाचन कक्षात आम्ही दहा-अकरा जण जमतो. निवृत्त पोस्टमास्तर आहेत. ते गेली कित्येक वर्षे एक ऐतिहासिक कादंबरी लिहीत आहेत. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आहेत, गझला लिहिणारे एक कापडदुकानदार आहेत, एक ग्रामसेवक आहेत, प्राथमिक शाळेतल्या दोन बाई आहेत. मी कॉलेजात मराठी शिकवतो. म्हणून शुद्धलेखनाचे सारे वाद माझ्यापुढे येतात आणि निकाल कोणालाच मान्य होत नाही.

बैठकीची वेळ पाचची. सहापर्यंत कोणी कागद काढत नसे. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, रात्रीची एस. टी. कोणी बंद करवली, पोस्टमास्तरांची साखर किती वाढली, ग्रामसेवकांची बदली टळली की नाही, हे सगळे आटोपले की समोरच्या हॉटेलातला चहा यायचा आणि मग साहित्याची पाळी.

मंडळात नव्याने आलेल्या एका तरुण इंजिनिअरांना हे पाहवेना. माणूस मोठा चांगला आणि कामाचा. त्यांनी प्रस्ताव मांडला की, प्रत्येकाला वाचनाला दहा मिनिटे व चर्चेला पाच मिनिटे द्यावीत आणि विषयांतर अजिबात होऊ नये. दोन तासांतला एक तास वाया जातो हा त्यांचा हिशेब बिनतोड होता. प्रस्ताव मंजूर झाला. आपल्याकडे बिनतोड हिशेबाला कोणी विरोध करत नाही. फार तर तो पाळत नाही. इथे मात्र तो पाळला गेला.

पहिल्याच बैठकीत सात जणांचे वाचन झाले. एवढे पूर्वी कधीच झाले नव्हते! पण चर्चेची पाच मिनिटे काही भरेनात. ‘छान आहे’, ‘भाषा ओघवती आहे’, ‘शेवट आवडला’ असे म्हणून लोक खाली बसू लागले. दुसऱ्या महिन्यात तेच आणि तिसऱ्यातही तेच. सभ्यपणा इतका वाढला की कंटाळा यावा.

असे का व्हावे? मला वाटते, त्याचे उत्तर पोस्टमास्तरांच्या कादंबरीत आहे. त्या कादंबरीतला एक सरदार गेल्या वर्षी धारातीर्थी पडला, आणि पडता पडता दीड पान बोलला. त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या, “काका, बरगडीखाली घाव बसलेला माणूस दीड पान बोलत नाही हो. त्याला धाप लागते. तो पाणी मागतो.” हे वाक्य भर सभेत एका वृद्ध लेखकाला ऐकवणे सोपे नाही. पण अर्ध्या तासापूर्वीच त्याच सिस्टरांनी त्याच काकांना गोडावरून दटावले होते, आणि आदल्या आठवड्यात त्यांच्या पत्नीच्या पायाची पट्टीही बदलली होती. काका रागावले नाहीत. पुढच्या महिन्यात सरदार फक्त पाणी मागून मेला, आणि तो ऐकताना आमच्यापैकी दोघांचे डोळे भरून आले. आपले बरे-वाईट विचारणाऱ्या माणसाने आपले लिखाण वाईट म्हटले तर ते सोसते. ज्याने आपली कधी चौकशीच केली नाही, त्याच्या स्तुतीचेही ओझे वाटते.

आता कोणी म्हणेल की, ही लहान गावातली गोष्ट झाली. मोठ्या साहित्यिकांचे काम असे चालत नाही. तसे नाही. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे ही त्यातली काही नावे. ही मंडळी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांना कविता ऐकवत. त्या बैठकींतूनच ‘किरण’ हा पहिला संग्रह निघाला आणि काव्यगायन महाराष्ट्रभर पोचले. माझे विद्यार्थी परीक्षेत ‘मंडळाचे कार्य’ लिहितात त्यात चहाचा उल्लेख कधीच नसतो. तो केल्यास गुण मिळणार नाहीत अशी त्यांना भीती वाटत असावी. तसेच अरुण कोलटकरांचे. मुंबईतल्या काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात त्यांच्या मित्रांची बैठक वर्षानुवर्षे दर गुरुवारी दुपारी भरत असे. खिडकीबाहेरचा जो चौक तिथून दिसे, त्याच चौकातली माणसे त्यांच्या 2004 साली निघालेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात आली.

पण गप्पांची एक बाजू नुसत्या कौतुकाने झाकता येणार नाही. गप्पांना भिंत असते. ‘आपल्यातला’ विनोद ज्याला कळत नाही, तो दाराशीच राहतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाचा आरंभ तिथूनच मानतात. 1885 साली दुसऱ्या सभेचे निमंत्रण गेले तेव्हा महात्मा फुल्यांनी ते नाकारले. जे लोक सर्वांचे मानवी हक्क खुल्या दिलाने मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पुढे 1958 साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णाभाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. नुसत्या जुन्या मैफलीत जागा मागून हे घडले नसते. आपली बैठक वेगळी मांडावी लागली. म्हणून गप्पा रंगल्या म्हणजे सगळे आपलेच झाले, असे कोणी समजू नये.

आमच्या वाचन कक्षाच्या कोपऱ्यात एक तरुण वर्तमानपत्र घेऊन बसत असे. बाजार समितीत तो हमाली करतो. आमच्या बैठकीच्या दिवशी त्याचे पान बराच वेळ उलटत नाही, हे सिस्टरांच्या लक्षात आले होते. पण नव्या वेळापत्रकात परक्या माणसाशी बोलायला एक मिनिटही नव्हते. शेवटी तिसऱ्या महिन्यात नियम मोडून त्यांनी सरळ विचारले, “दादा, आज सोयाबीनला काय भाव निघाला?” त्याने भाव सांगितला, आवक सांगितली, आणि मग जरा थांबून म्हणाला, “मीबी थोडं लिवलंय.”

पुढच्या बैठकीला तो तोलाईच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन आला. पाठच्या कोऱ्या बाजूंवर त्याने लिहिले होते. दिवाळीच्या तोंडावर एक विधवा शेतकरीण आपला माल घेऊन येते. एकेक पोते काट्यावर चढताना ती मनाशी म्हणत असते, हे दुकानदाराचे, हे सोसायटीचे, हे पोरीच्या फीचे. शेवटच्या पोत्याशी येईपर्यंत घरासाठी काही उरत नाही. ते पोते उचलताना हमालाला ते हलके लागते. एवढीच गोष्ट.

कोणी काही बोलेना. मग कापडदुकानदार आपल्या गझलेच्या सवयीने म्हणाले, “लेखन फार चांगले आहे, पण ‘पोतं’ हा शब्द नऊ वेळा आला आहे.” तो म्हणाला, “पोती नऊच व्हती, शेठ.” सगळे हसले, शेठही हसले. इंजिनिअरांची दहा मिनिटे केव्हाच उलटली होती. त्यांनी घड्याळ पाहिले की नाही मला ठाऊक नाही. वाचन मात्र त्यांनी थांबवले नाही.

आता नवा ठराव झाला आहे. पहिला अर्धा तास गप्पांचा. पुढचे वेळापत्रक इंजिनिअरांचे, आणि ते त्यांनी कडकपणे पाळावे. शिवाय एक पोटकलम सिस्टरांनी घातले आहे: गप्पांचा पहिला प्रश्न जो कोणाला ओळखत नाही त्याला विचारावा. शुद्धलेखनाखेरीज त्यात मला काही सुधारावेसे वाटले नाही.

वाचकहो, दिवाळीत तुमच्याही गावी फराळाच्या निमित्ताने लिहिणारे-वाचणारे एकत्र येतील. चिवडा तिखट झाला की फिका, यावर खुशाल वाद घाला. तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीवर कोण बसले आहे ते पाहा. एक बशी तिकडे न्या आणि त्याच्याकडे काय भाव चालला आहे ते विचारा.