आयडी विकू नका म्हणालात, पण पुढे काय? क्राफ्टन इंडियाला खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापन, क्राफ्टन इंडिया



तुमच्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या खेळाच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की खेळाडूला खातं विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. मी त्या अटी वाचल्या आहेत. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांपैकी त्या वाचलेला एकही मला अजून भेटलेला नाही. ही पोरं आयडी, म्हणजे खेळातली खाती, विकतात, विकत घेतात आणि फसतात. हे पत्र त्यांच्यासाठी लिहितो आहे.

बार्शीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेली स्क्रीन, बिघडलेला चार्जिंगचा पॉइंट, असली कामं दिवसभर चालतात. संध्याकाळी कॉलेज आणि क्लास सुटले की वेगळं गिऱ्हाईक येतं. फोन चांगला असतो, चेहरा उतरलेला असतो. ‘दादा, मेल रिकव्हर होईल का?’ एवढं विचारलं की बाकीचं सांगावं लागत नाही. आयडी घेतलेली असते, पैसे गेलेले असतात आणि काही दिवसांत ती आयडी हातातून निसटलेली असते.

ज्यांच्या घरात हा खेळ नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेळ फुकट आहे, पण त्यातले भारी कपडे आणि बंदुकांच्या स्किन फुकट मिळत नाहीत. त्यासाठी यूसी, म्हणजे खेळातली नाणी, लागतात, यूसी पैसे देऊन घ्यायच्या आणि त्यातून क्रेट उघडायचे. क्रेटमधून काय निघेल ते नशिबावर. एम फोर वन सिक्स बंदुकीची ग्लेशियर स्किन कुणाला थोडक्यात मिळते, कुणाचे हजारो रुपये जाऊनही मिळत नाही. मग बारावीच्या वर्षी खेळ सोडायला निघालेला मुलगा विचार करतो की इतके पैसे घातलेत, निदान अर्धे तरी सुटावेत. दुसरा मुलगा विचार करतो की क्रेट उघडत बसण्यापेक्षा तयार आयडी स्वस्त पडते. दोघांचाही हिशेब चुकीचा नाही. टेलिग्राम, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरचे ग्रुप या हिशेबावरच चालतात.

अकरावीतल्या एका मुलाने मला त्याचं पूर्ण चॅट दाखवलं होतं. विकणाऱ्याने आयडीचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवलं होतं. सूट एकेक करून दाखवलेले, बंदुका फिरवून दाखवलेल्या. मुलाने सावधगिरी म्हणून मिडलमन, म्हणजे मध्यस्थ, मागितला. ग्रुपच्या ॲडमिनचा फोटो आणि नाव असलेल्या खात्यावरून लगेच मेसेज आला, ‘पेमेंट माझ्याकडे ठेव, मेल चेंज झाला की मी सेलरला देतो.’ नाव नीट पाहिलं तर एक अक्षर जास्त होतं. मिडलमन आणि सेलर एकच माणूस होता. पैसे आईच्या फोनवरून गेले, क्यूआर स्कॅन करून. तरीही आयडी त्याला मिळाली, म्हणून तो निर्धास्त झाला. यूट्यूबवर पाहून त्याने पासवर्ड बदलला, रिकव्हरीचा नंबर बदलला, बाकीच्या फोनमधून लॉगआउट केलं. आठवडा भरायच्या आत आयडी गेली.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. आयडी ज्या गूगल खात्याला जोडलेली असते त्याचा रिकव्हरी नंबर किंवा ईमेल बदलला, तरी जुन्या नंबरावर किंवा ईमेलवर पुढचे ७ दिवस पडताळणीचा कोड जाऊ शकतो. खातं चोरीला गेलेल्या खऱ्या मालकाला ते परत मिळावं म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. पण गूगलच्या दृष्टीने खरा मालक कोण? ज्याने खातं उघडलं तो. विकणारा ‘पासवर्ड विसरलो’ म्हणतो आणि विकलेली वस्तू परत घेतो. मग तीच आयडी दुसऱ्या ग्रुपवर, दुसऱ्या पोराला.

बाकीचे प्रकार यापेक्षा कच्चे आहेत, पण त्यातही पोरं सापडतात. दुसऱ्याच्या यूट्यूब व्हिडिओतली आयडी आपली म्हणून दाखवणं. टोकन म्हणून थोडे पैसे घेऊन ब्लॉक करणं. ‘फ्री यूसी’ची लिंक पाठवून हुबेहूब लॉगिनच्या पानावर पासवर्ड टाकायला लावणं. हॅक वापरून वर नेलेली आयडी विकणं, जी घेतल्यावर थोड्याच दिवसांत बॅन होते. विकणाराही सुटत नाही. त्याला पैसे जमा झाल्याचा बनावट स्क्रीनशॉट येतो, किंवा ‘पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक’ असं सांगितलं जातं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे दुकानात पाटी लावूनही सांगावं लागतं. शिवाय ज्या जीमेलला आयडी जोडलेली असते, त्याच जीमेलमध्ये घरच्यांचे फोटो, नातेवाइकांचे नंबर आणि कधी आधार कार्डाची प्रतही असते. पोरगं आयडी विकतं आणि सोबत घरच अनोळखी माणसाच्या हातात देऊन बसतं.

‘मग सेफ कशी घ्यायची?’ असं मला विचारतात. मी आधी खरं सांगतो की पूर्ण सुरक्षित मार्ग नाही, कारण कंपनीच हा व्यवहार मानत नाही. ज्याला तरीही घ्यायचीच आहे त्याला सांगतो की रेकॉर्डिंगवर विश्वास ठेवू नको, चालू व्हिडिओ कॉलवर खेळाची लॉबी उघडायला लाव आणि कॅरेक्टर आयडीचा नंबर स्वतः वाच. मिडलमनशी ग्रुपमधून बोल, त्याने पाठवलेल्या मेसेजला उत्तर देऊन नव्हे. पैसे पाठवताना बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते विकणाऱ्याच्या नावाशी जुळतं का बघ. सगळे पैसे एकदम देऊ नको, ते ७ दिवस जाऊ दे. विकणारा थांबायला तयार नसेल तर उत्तर तिथेच मिळालं. स्वतःची जीमेल कुणाला द्यायची नाही. आणि अठरा पूर्ण नसतील तर या भानगडीत पडूच नको, कारण भारतीय करार कायद्याप्रमाणे अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो.

फसवणूक झालीच तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला करायचा, मला नाही. लवकर कळवलं तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच रोखून धरता येतात. उशीर झाला की ते पुढच्या खात्यात आणि मग एटीएममधून बाहेर. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवायचे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. पण पोरं हा फोन करत नाहीत. ‘आपणच नियम मोडलाय, आपल्यालाच पकडतील,’ अशी भीती असते, त्यात आईच्या फोनवरून पैसे गेलेले. तुमच्या अटी मोडणं ही तुमच्या आणि खेळाडूच्या मधली बाब आहे. तोतया बनून ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. पहिली चूक केली म्हणून दुसऱ्या गुन्ह्याची तक्रार करायचा हक्क जात नाही. हे वाक्य त्यांना माझ्यासारख्या दुकानदाराने सांगून पुरत नाही. तुम्ही सांगितलं तर पटेल.

आता मुद्द्याचं. या सगळ्यात कोणती आयडी कुणाकडून कुणाकडे गेली, कधी गेली, परत कधी खेचली, हे संपूर्ण दिसू शकतं असा एकच पक्ष आहे, तो म्हणजे तुम्ही. लॉगिन कुठून होतंय, कोणत्या फोनवरून होतंय, एकच आयडी महिन्यात किती हातांत फिरली, याची नोंद तुमच्या सर्व्हरवर असते. शेत विकलं की तलाठ्याकडे फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव चढतं, म्हणून विकणारा दुसऱ्या दिवशी येऊन नांगर धरू शकत नाही. आयडीच्या बाजारात फेरफारच नाही. तुम्ही तो ठेवायचा नाही असं ठरवलंत, आणि त्या रिकाम्या जागेत टेलिग्रामचे मिडलमन बसले.

असा फेरफार ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं कृपया म्हणू नका. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली आणि २०२१ च्या जुलैत तुमचा नवा खेळ आला. तेव्हा जुन्या खेळातला माल, स्किन, सूट, नव्या खेळात आणायची सोय तुम्हीच दिली होती. खेळाडूंना ते हवं होतं आणि तुम्हालाही खेळाडू हवे होते, म्हणून ते झालं. वर्षभरात नोंदणी झालेल्या खेळाडूंचा आकडा १० कोटींवर गेल्याचं तुम्हीच जाहीर केलं.

दुसरीकडे तर कंपन्यांनी विक्रीची अधिकृत सोयही दिली आहे. जर्मनीच्या सिपसॉफ्ट कंपनीचा ‘टिबिया’ हा १९९७ पासूनचा खेळ. त्यातही पात्रांची चोरटी खरेदी-विक्री चाले. २०२० मध्ये कंपनीने स्वतःच ‘कॅर बझार’ सुरू केला. पात्र लिलावाला लागतं, बोली खेळातल्या नाण्यांत होते आणि व्यवहार झाला की कंपनीच ते पात्र विकणाऱ्याच्या खात्यातून काढून घेणाऱ्याच्या खात्यात ठेवते. ईमेल नाही, पासवर्ड नाही, मिडलमन नाही. कंपनीला कमिशन मिळतं. चीनमध्ये नेटइझची तर खेळातली पात्रं आणि वस्तू विकण्याची स्वतःची अधिकृत बाजारपेठ कितीतरी वर्षांपासून चालू आहे.

तुमचे वकील २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पुढे करतील, हे मला दिसतं आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी आणली, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. मग या दोन्हींमधल्या रेषेजवळ कोणती कंपनी जायला तयार होईल? तो धोका मी हलका मानत नाही. पण मी लिलाव मागत नाही. दोन सज्ञान खेळाडूंनी ओटीपी देऊन सही केली, ठरावीक शुल्क भरलं, पंधरा दिवस आयडी दोघांसाठीही गोठली आणि मग नव्या मेलला जोडली गेली, एवढंच पुरे. किंमत किती, हे त्यांचं त्यांनी बघावं.

तेही जमणार नसेल तर दुसरी गोष्ट ताबडतोब करण्यासारखी आहे. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदली की पोच क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि कॅरेक्टर आयडी तुम्हाला कळवला की ती आयडी चौकशी होईपर्यंत गोठवा. घेणाऱ्याला परत देऊ नका, अटींप्रमाणे तो तुमचा ग्राहक नाही, हे मान्य. पण विकणाऱ्याच्या हातातही ठेवू नका. आज त्याच्या धंद्याचं भांडवलच ती आयडी आहे, एकच आयडी पुन्हा पुन्हा विकून तो कमावतो. ती गोठली की तो धंदा बसतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं तंत्रही लागत नाही.

आणखी एक बाब तुमच्या स्वतःच्या घरातली आहे. २०२१ मध्ये खेळ आणताना अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तुम्ही पालकांची परवानगी, दिवसाला ३ तासांची मर्यादा आणि रोजच्या खर्चाला ७ हजारांची मर्यादा जाहीर केली होती. चांगला निर्णय होता, कित्येक पालकांनी त्या भरवशावर खेळू दिलं. पण ही मर्यादा त्या खात्यावर लिहिलेल्या वयाला लागते, खेळणाऱ्या मुलाला नाही. चौदा वर्षांच्या मुलाने पंचवीस वर्षांच्या माणसाची आयडी विकत घेतली की त्या रात्रीपासून तो तुमच्या हिशेबात पंचवीस वर्षांचा. ज्या आईने ओटीपी देताना प्रश्न विचारले असते तिला विचारलंच जात नाही. म्हणजे या चोरट्या बाजाराकडे काणाडोळा केला की तुमची स्वतःची बालसुरक्षाही निकामी होते. पोरांचं नुकसान तुम्हाला हलवत नसेल असं मी मानत नाही, तरी हा मुद्दा तुमच्या कायदा विभागापुढेही ठेवा.

पुण्याच्या नॉटिलस मोबाईलमध्ये तुमचा पैसा आहे, ‘रिअल क्रिकेट’ तिथेच तयार होतं. म्हणजे मराठीत दोन वाक्यं नीट लिहून देणारी माणसं तुमच्याकडे आहेत. माझी शेवटची विनंती त्यांच्याच कामाची आहे. खेळ उघडला की लॉबीत नव्या क्रेटची जाहिरात येते, तिथेच महिन्यातून काही दिवस मराठी, हिंदी आणि बाकीच्या भाषांत सूचना द्या: आयडी विकत घेतल्यावर जुना मालक ती परत खेचू शकतो, फसवणूक झाली तर १९३० ला लगेच फोन करा, तक्रार केली म्हणून तुमच्यावर कारवाई होणार नाही. शेवटचं वाक्य तुम्हीच लिहू शकता, कारण त्यातलं वचन तुम्हालाच पाळायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी ते लॉबीत आलं तर बरं होईल. सुट्टीत पोरांच्या हातात ओवाळणीचे पैसे असतात आणि ग्रुपवरच्या लोकांना ते ठाऊक असतं.

कळावे,
बार्शीतला एक मोबाईल दुरुस्ती दुकानदार