वार्षिकांक निघायचा तर निरोप समारंभाला

शाळेचा वार्षिकांक जून-जुलैत निघणार असेल तर तो काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या शिक्षिकेला मी हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मॅडम, अंक चांगला निघाल्याशी मतलब. महिना कोणता का असेना!" तेवढ्यात तिच्या तासाची घंटा झाली आणि वाद अर्धवट राहिला. तो इथे पुरा करते. मंडळी, तुम्हालाही त्यात ओढते, इलाज नाही.

अहो, सगळं महिन्यातच तर आहे! दहावीची मुलं एकदा परीक्षेला बसली की शाळेत परत येतात ती निकालाला आणि टी. सी. न्यायला. मग कोणी भंडाऱ्याला, कोणी नागपूरला, कोणी इथल्याच कॉलेजात, कोणी थेट शेतात. त्यानंतर निघालेला अंक त्यांना पोचवणार कोण? शिपाई घरोघरी थोडाच फिरणार आहे! गठ्ठे कपाटावर चढतात आणि वरून चुन्याचे पोपडे पडत राहतात. पवनीतच नाही, परीक्षेच्या ड्यूटीला, शिबिराला जिथे जिथे गेले तिथे असे गठ्ठे पाहिलेत. त्यात एखाद्या मुलाची छापून आलेली पहिली (आणि बहुधा शेवटचीच) कविता असते, आणि ती छापून आली हे त्याला ठाऊकही नसतं.

दिवाळी अंकांचं पाहा ना. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून शंभरावर वर्षं मराठीतले संपादक, लेखक, चित्रकार, छापखानेवाले त्या सुमाराला रात्री जागवत आले. दिवाळी कोणासाठी पुढे ढकलता येत नाही. लक्ष्मीपूजन झाल्यावर आलेला अंक चाळतो कोण? शाळेच्या अंकाचीही अशी एक दिवाळी असते. ती म्हणजे दहावीचा निरोप समारंभ. त्या दिवशी अंक मुलाच्या हातात पडला पाहिजे.

आता आमच्याकडचं वर्ष मोजून बघा. उन्हामुळे विदर्भात शाळा उघडते ती जूनच्या शेवटी, उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून. लगेच रोवणी. हा धानाचा मुलूख, रोवणीच्या दिवसांत खेड्यावरची मुलं बांधीत असतात, वर्गात नसतात. मग सण, सहामाही, दिवाळीची सुट्टी. सुट्टी संपते न संपते तो धानाची कापणी, आणि तिच्या जोडीला गावोगावच्या मंडया. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांसाठी सांगते, ही मंडई भाजीची नव्हे! पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा ती. दंडार असते, रात्रभर नाटक असतं, घरी पाहुणे असतात. मुलगा दोन दिवस दिसत नाही, आणि दिसला तरी डोळे तांबारलेले. पुढे स्नेहसंमेलन, मग सराव परीक्षा. म्हणजे अंकाच्या वाट्याला खरे येतात ते सप्टेंबर आणि थोडा ऑक्टोबर. दिवाळीच्या सुट्टीआधी लेख हातात आले नाहीत तर अंक वेळेवर निघत नाही. तीसएक वर्षांच्या नोकरीत याला अपवाद पाहिला नाही.

पण लेख आणा म्हटल्याने लेख येत नाहीत. त्याला माझा उपाय एकच होता. नववीच्या संपादक मंडळाला मी जुलैतच छापखाना दाखवायला न्यायचे. तेव्हा खिळ्यांची छपाई होती. कंपोझिटर केसमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. छोट्या छापखान्याकडे खिळे बेताचेच. आठ पानांचा फर्मा जुळवायचा, प्रूफ तपासायचं, छापायचं, मग खिळे सोडून परत खणात टाकायचे, आणि त्याच खिळ्यांत पुढची आठ पानं. आठातलं एक पान अडलं तर सात पानं शिशात अडकून पडायची आणि पुढचं कामही थांबायचं. त्यात लग्नसराईच्या पत्रिका आल्या की छापखानेवाला चिडायचा, कारण त्यालाही तेच खिळे हवे असायचे. हे सगळं मुलांनी डोळ्यांनी पाहिलं की वेळेचं महत्त्व यावर मला भाषण करावं लागत नसे. आपल्या एका लेखापायी सात जणांची पानं अडतात, हे चौदा वर्षांच्या मुलाला छान कळतं. मोठ्यांना कळत नाही, तो विषय पुढे येतोच आहे.

मंडळात सगळी हुशार मुलं भरायची पद्धत मला पटत नाही. पहिल्या पाचांतली मुलं लेख चांगले लिहितात, पण दुसऱ्याच्या दारी लेख मागायला जायला लाजतात. मला आठवते ती एक मुलगी. मराठी बेताचंच, शुद्धलेखन विचारू नका. पण तिने वहीत तीन रकाने आखले होते: कोणाकडे, केव्हा मागितलं, केव्हा आलं. रोज मधल्या सुट्टीत ती वही घेऊन उभी राहायची आणि अकरावीत जाईल एवढी उंच मुलंही तिला पाहून भिंतीआड व्हायची. एक मुलगा होता, त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. पण त्याच्याकडे सायकल होती, आणि आजूबाजूच्या गावांतल्या मुलांचे लेख तो रविवारी घरी जाऊन घेऊन यायचा. चांगल्या अक्षराच्या दोघी जणी छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करायच्या. प्रूफं जोडीने तपासायची, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. तेही "स्वल्पविराम", "पहिला उकार", "दुसरी वेलांटी" असं सगळं उच्चारून. शेजारच्या वर्गातली मुलं हसायची. पण माझ्या व्याकरणाच्या तासाला न सुधारलेली 'दुसरी वेलांटी' तिथे सुधारली, हेही खरं.

एका वर्षीचं सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटचं असेल. शेवटचा फर्मा राहिला होता आणि त्यात दोन पानं अडली होती. एक पान एका पुढाऱ्यांच्या शुभसंदेशासाठी राखलेलं. दोनदा पत्र गेलं होतं, माणूस जाऊन आला होता, संदेश नाही. दुसरं पान दहावीतल्या एका मुलाचं. त्याचं गाव गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात होतं, पुनर्वसनाचं ठरत आलं होतं, आणि 'माझं गाव' यावर तो लिहिणार होता. त्याच्याकडूनही काही आलं नव्हतं. मंडळाची बैठक बसली. कोणी म्हणालं, संदेशासाठी थांबू, पुढारी आहेत. कोणी म्हणालं, पोरासाठी थांबू, त्याचं गाव जाणार आहे. वहीवाली म्हणाली, "ज्याचं नाही आलं त्याचं पान जाते जी. नियम सगळ्यांले एकच."

मी गप्प राहिले. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर अंक माझा झाला असता. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. सायकलवाला त्याच संध्याकाळी गावी गेला आणि म्हणाला, जेवढं असेल तेवढं दे. आलं ते अर्धं पान. लेख नव्हताच तो, नुसती यादी होती. कोणती विहीर, कोणाचा आंबा, देवळापुढचा पार, शाळेची एक खोली. शेवट नाही, समारोप नाही. मुलांनी एक अक्षर न बदलता ते छापायला दिलं. शुभसंदेशाचं पान गेलं. मुख्याध्यापकांना ते पटवणं हे काम मात्र माझं होतं, आणि ते मी केलं. शिक्षकाचं या सगळ्यात एवढंच काम, असं मला वाटतं: छापखान्याचे पैसे आणि मोठ्यांची मर्जी सांभाळणं. निरोप समारंभाला त्या मुलाने अंक घेतला आणि स्वतःचं पान सोडून बाकी सगळं वाचत बसला.

यावर काही शिक्षक साने गुरुजींचं उदाहरण देतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत, पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं. गुरुजी लिहीत, मग आम्ही लिहिलं तर काय बिघडलं? अहो, ते गुरुजींचं मुलांशी बोलणं होतं, आणि ते उघड उघड गुरुजींचंच होतं. संपादक म्हणून मुलांची नावं छापायची आणि लेख शिक्षकांनी घरी बसून पाडायचे, याला त्यांचा आधार घेऊ नका.

आमची नात अमेरिकेत शिकते. तिच्या शाळेत वर्षाच्या अंकाला इयरबुक म्हणतात आणि ती त्या मंडळात आहे. त्यांचं पुस्तक छापायला बाहेरच्या कंपनीकडे जातं, आणि पानं एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यायची असतात, प्रत्येक हप्त्याची तारीख ठरलेली. भिंतीवर एक तक्ता, त्याला त्या शिडी म्हणतात. कोणतं पान कोणाकडे, कुठवर आलं, सगळं त्यावर. मी म्हटलं, ही तर आमच्या वहीवालीची वही! त्यांच्यापुढेही हाच पेच. वसंतात पुस्तक हवं तर शेवटच्या महिन्यांतल्या स्पर्धा आणि पदवीचा समारंभ त्यात येत नाही. सगळं यायला हवं तर पुस्तक सुट्टीनंतर येतं, तोवर शेवटच्या वर्गाची मुलं पांगलेली. नातीच्या शाळेने पहिला मार्ग धरला. समारंभाचे फोटो नसले तरी चालतील, पण एकमेकांच्या पुस्तकात सह्या आणि चार ओळी लिहायला मुलं समोर हवीत, असं ती म्हणते. आजीच्या बाजूने मत पडलं! (ताई, तू वाचत असशीलच. तुझ्या लेकीच्या लेकीचंच सांगतेय.)

आता खिळे गेले, छापखान्यात संगणक आले. मुलं मोबाइलवर टाइप करून लेख पाठवतात. तो मजकूर छापखान्याच्या श्रीलिपीत नेताना रफार इकडे, वेलांटी तिकडे होते, म्हणून प्रूफं तपासणं काही सुटलेलं नाही. पुष्कळ शाळांनी छपाईच सोडली आणि पीडीएफ काढतात. मला पीडीएफचा राग नाही, पैसे वाचतात. पण छापून झाल्यावर बदलता येत नाही, ही खिळ्यांची जी धास्ती होती ती गेली. पीडीएफ कधीही दुरुस्त होते, म्हणून कधीच पुरी होत नाही. एका शाळेत तर पाहुण्यांचे फोटो घालण्यासाठी ती तीन वेळा बदलली, आणि मुलांचे लेख पुढच्या वर्षी 'सविस्तर' घेऊ असं ठरलं. पुढच्या वर्षी ती मुलं कुठे असणार होती कोण जाणे.

आणि वेळ तर कमीच होत चालली आहे. पूर्वी दहावीची परीक्षा म्हणजे मार्च. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे निरोप समारंभ फेब्रुवारीच्या सुरुवातीला धरा. त्याआधी छपाई आणि बांधणीला पंधरा दिवस, प्रूफांना तीन आठवडे, प्रत करायला आणि लेख निवडायला महिना. सराव परीक्षेचा आठवडा सोडून द्या. कापणी आणि मंडईचे दिवस मोजूच नका, त्यात काही होत नाही. उलटं मोजत आलात की बोट घटस्थापनेवर येऊन थांबतं. तेव्हा लेख घटस्थापनेपर्यंत. शुभसंदेश आला तर आला.